ताऱ्याचं गिऱ्हान

शेजारच्या दीर्घिकेत एक तारा फुटलाय आणि तो साध्या दुर्बिणीतूनही दिसतो, ही बातमी आली तेव्हा मला आठवा लागला होता. ताडकळसच्या शाळेत मी विज्ञान शिकवते. शाळेची दुर्बीण उचलून घरी आणली आणि सासूबाईंना म्हटलं, "आत्याबाई, आज मेलेला तारा दाखवते तुम्हाला." माझ्या तोंडाला हाड नाहीच.

त्यांचा चेहरा पडला. "गिऱ्हानच की मग!" त्यांनी माझ्या हातातली मेथी काढून घेतली, विळी फळीवर ठेवली. चिरायचं नाही, अंग मुडपून बसायचं नाही, वर तर बघायचंच नाही. "अन् सुटंल कदी?"

"दिसेल महिना-दोन महिने."

"अगं बया! तवर तुला बांधून ठिवू का काय?"

आधी हसू आलं, मग डोकंच फिरलं. "अहो, तो फुटून कोटीभर वर्षं झाली! उजेड इथं आत्ता पोचलाय. व्हायचं ते कधीच होऊन गेलंय!" आणि दिवेलागणीनंतर तरातरा गच्चीवर गेले.

सप्तर्षींच्या बाजूला पुसट डाग, त्यात एक बारीक ठिपका. लय आनंद झाला. पोटावर हात ठेवून म्हटलं, बघ, तूही बघ. आतून काहीच हाललं नाही. झोपलं असेल, म्हटलं.

खाली आले तर आत्याबाई ओरडल्या नाहीत. कपाळाला विभूती लावली, पाय सरळ करून निजवलं. "हलायलंय का गं?"

गप पडून राहिले. कूस बदलली, साखर खाल्ली. काही नाही. शेवटचं कधी हाललं होतं तेही आठवेना, आणि मी भ्यायले. तशीच जीप करून परभणी गाठली. वाटभर आत्याबाईंचा हात माझ्या पोटावर होता.

डॉक्टरीणबाई बराच वेळ पोटावरून यंत्र फिरवत राहिल्या. मग हळू म्हणाल्या, "ठोके नाहीत. दोन दिवस तरी झाले असतील."

"म्हंजी ही वर गेली त्याच्या आदीच?" आत्याबाईंनी विचारलं. डॉक्टरीणबाईंनी हो म्हणून मान हलवली. आत्याबाईंनी मला छातीशी ओढलं. "मंग तुजं काई चुकलं न्हाई, माय. त्या ताऱ्याचंबी न्हाई."

मला ते सहन होईना. त्यांचा पदर मुठीत धरून मी म्हणाले, "आत्याबाई, गिऱ्हानच होतं म्हणा ना."