ससाण्याचं नाव

मोहफुलांचा वास आला की मोहर्लीच्या जंगलातली ती सकाळ आठवते आणि आजही डोकं फिरतं. वाळक्या सागावर ससाणा बसला होता. पक्ष्यांची नावं गोळा करणारे प्राध्यापक, ज्यांच्या नोंदी मी वहीत उतरवत होतो, सांगत होते, की ससाण्याला आपला संस्कृत शब्द 'श्येन' आणि प्राचीन इराणी 'सएन' एकाच मुळाचे. मग त्यांनी आमच्या गोंड गाईडबाईंना विचारलं, "तुम्ही काय म्हणता याला?" बाईंनी हात जोडले. "आमच्या कुळाचा देव हाय तो, सर. त्याच्यासमोर त्याचं नाव नाई घेत आमी." "म्हणजे नावच नाही!" प्राध्यापक हसले. इराणातल्या मेलेल्या शब्दाला एवढा मान, आणि समोरच्या जित्या बाईची श्रद्धा म्हणजे अडाणीपणा? संताप संताप झाला माझा. तरी वहीत 'स्थानिक नाव: नाही' हे अक्षर माझंच आहे.