चव पाहणारीची सही

दोघी जावांनी मिळून संत्र्याचा जॅम करायला घेतला, तेव्हा शेजारपाजारच्यांनी पैजा लावल्या होत्या. एका पातेल्यात दोन जावा किती दिवस टिकणार? अठरा वर्षं टिकल्या. धाकटी ढवळायची, थोरली चव बघायची. धाकटीचा आपल्या जिभेवर काडीचा विश्वास नव्हता. प्रत्येक पातेल्यामागे नोंदवहीत दोन सह्या व्हायच्या, एक शिजवणारीची आणि एक चव पाहणारीची.

आठ महिन्यांपूर्वी थोरली न्यूमोनियाने गेली.

धाकटीने काम थांबवलं नाही. पातेलं उतरवलं की ती बशीत चमचाभर जॅम काढून टेबलाच्या पलीकडच्या कडेला ठेवायची आणि बाटल्या पुसायला वळायची. थोड्या वेळाने बघावं तर वहीत थोरलीची सही असायची. बोटाला शाई लागलेली दिसे, म्हणजे हात आपलाच, एवढं तिला कळत होतं. पण सही केल्याचं काही केल्या आठवत नसे. शेवटच्या अक्षराची मागे वळलेली शेपटी तर इतकी हुबेहूब असे, की ती घाबरून वही मिटून टाकायची.

"एकटीच कुणाशी बोलत असतेस गं?" नवरा दारातून विचारायचा.

"जी उत्तर देते तिच्याशी."

एकटीने ढवळून ढवळून तिचा उजवा खांदा गेला होता. वाफेवर चालणारं, आपलं आपण ढवळणारं भांडं मिळालं तरच धंदा चालणार होता. लहान खाद्यउद्योगांना त्यासाठी अनुदान मिळत होतं. अर्ज थोरलीनेच भरून ठेवला होता, आजारी पडायच्या आधी.

पाहणीला आलेल्या अधिकारी बाईंनी फरशी पाहिली, नळ पाहिले, मग वही उघडली.

"चव पाहणाऱ्या बाई कुठायत?"

बाजारात गेल्यात, असं अगदी ओठांवर आलं होतं. तेवढं म्हटलं असतं तर भागलं असतं.

"त्या वारल्या," धाकटी म्हणाली. "आठ महिने झाले."

बाईंनी पान उलटलं. "कालची सही आहे इथे."

"हो."

मग बाईंनी पेनाला टोपण लावलं. "हे बघा मावशी, चव न पाहिलेला माल तुम्ही दुकानांत पाठवलात. तो परत मागवा. प्रत्येक पातेल्यातली एक बाटली उघडा, चव बघा, खरं काय ते लिहा. पंधरा दिवसांत वही आणून दाखवा. नाहीतर मला फाईल बंद करावी लागेल."

"बघणारं कोण?"

"कुणीही चालेल. जिवंत असलं म्हणजे झालं."

खोकी परत आली. नवरा चमचा घेऊन पुढे झाला. "आण, मी चाखतो."

"तुम्हाला भाजीत मीठ नसलेलं कळत नाही. व्हा बाजूला."

तिने पहिली बाटली उघडली आणि चमचा जिभेवर ठेवला. टेबलापलीकडे कुणीतरी श्वास रोखून उभं आहे, असं तिला स्पष्ट जाणवलं.

"कडवट झालाय, ताई," ती मोठ्याने म्हणाली, आणि वहीत तसंच लिहून खाली स्वतःची सही केली.

बेचाळीस पातेल्यांपैकी अकरा कडवट निघाली. त्या अकराही पातेल्यांवर थोरलीची पसंतीची सही होती. ती जिवंतपणी अशी चुकली नसती. एकेक सही खोडताना पलीकडचं ते उभं राहणं विरळ होत गेलं. शेवटच्या बाटलीला तिथे नुसती भिंत होती.

अनुदान मंजूर झालं. भांडं आलं, आणि खांद्याला आराम पडला. धाकटी आता फक्त चव बघते, आणि ती चुकत नाही. पण चमचा तोंडात घालण्याआधी ती हात वर धरून थांबते आणि कान देऊन ऐकते. खोलीत भांड्याच्या घरघरीशिवाय काहीच नसतं. पूर्वी तिला सहीची भीती वाटायची. आता या रिकाम्या खोलीची वाटते.