केडगावच्या गच्चीवरची बोट

माझे मेहुणे शामकांत यांना आयुष्यात एकच गोष्ट चांगली जमली, ती म्हणजे निवड करणं. निवडलेल्या वस्तूचं पुढे काय करायचं असतं, हे मात्र त्यांना अजून कोणी सांगितलेलं नाही. मी सांगितलं असतं, पण मी पडलो बायकोचा धाकटा भाऊ, त्यात कोपरगावात शेतीपंप विकणारा. प्राध्यापक माणूस पंपवाल्याचं कशाला ऐकेल?

दाजी नगरच्या एका कॉलेजात भूगोल शिकवायचे. भरती-ओहोटी हा त्यांचा हातखंडा. फळ्यावर खडूने समुद्र काढून तो असा वरखाली करायचे की पुढच्या बाकावरची पोरं वह्या उचलून धरायची, असं ते स्वतःच सांगतात. प्रत्यक्ष समुद्रावर गेले ते कॉलेजच्या सहलीबरोबर, आणि तिथेही पँट दुमडून घोट्याइतक्या पाण्यात उभे राहिले. पोहता येत नाही. माळशेज घाटात एसटी वळायला लागली की यांना पिशवी लागते.

ताईला बघायला आले तेही एकदा नाही. पहिल्यांदा मुलगी बघितली, नंतर तिचं अक्षर बघायला आले, आणि मग पुन्हा आमच्या आजोबांना मधुमेह होता का ते विचारायला. वडील कौतुकाने म्हणाले, चोखंदळ आहे मुलगा. मी तेव्हा शाळेत होतो, तरी मला संशय आलाच होता. पुढे स्कूटर, केडगावचा फ्लॅट, मुलगा सुश्रुत याची शाखा, सगळं असंच निवडलं. स्कूटर ॲव्हरेजला फार चांगली निघाली, फक्त मागे बसणाऱ्याला पाय ठेवायला धड जागा नव्हती. मागे ताई बसायची. फ्लॅटला पश्चिमेचा वारा भरपूर, फक्त स्वयंपाकघरात तो येत नाही. या माणसाची निवड कधी चुकत नाही, ती दुसऱ्या कोणाला तरी सोसावी लागते, एवढंच.

समुद्राचं वेड खरं म्हणजे ताईचं. लीनाताई आमच्या घाटावर गोदावरीत पोहायला शिकली, आणि ही नदी पलीकडच्या समुद्राला मिळते की अलीकडच्या, हे तिचं लहानपणी सगळ्या गल्लीला विचारून झालं होतं. दाजी रिटायर झाले त्या आठवड्यात जेवताना ती म्हणाली, "मला एकदा सगळ्यांबरोबर शिडाच्या बोटीतून कोकणच्या किनाऱ्याने जायचंय. रात्री बोटीतच झोपायचं." तिने मागितलेली दुसरी कुठलीही गोष्ट मला आठवत नाही. दाजींनी हातातला घास ताटात ठेवला आणि म्हणाले, "मग बोट नीट निवडावी लागेल." झालं! तिथून पुढे ती इच्छा ताईची राहिलीच नाही.

मग सुरू झाला अभ्यास. मला दुकानात फोन यायचे. समोर शेतकरी पंपाची मोटर उघडून बसलाय आणि कानात दाजी, "सुहास, कुटुंबाला घेऊन किनाऱ्याने जायचं तर बोट खोल कण्याची नको." बोटीच्या पोटाखाली पाण्यात जो माशाच्या परासारखा वजनदार भाग असतो, तो कणा. त्याच्यामुळे बोट वाऱ्याने आडवी होत नाही. पण कोकणातल्या खाड्यांच्या तोंडाशी वाळूचे बांध असतात, खोल कणा तिथे रुततो. म्हणून कणा वर उचलता येणारी बोट हवी, ओहोटीला चिखलात सरळ बसणारी. शीड एकट्याला आवरेल एवढंच असावं. वारा पडला तर मागे लावायला लहानसं इंजिन हवं. हे सगळं बरोबर होतं, आणि माझा संताप त्याचाच होता. मूर्ख माणसाला निदान मूर्ख म्हणता येतं.

तीन जुन्या बोटी विकायला होत्या. मुंबईची मोठी, पाच जण झोपतील अशी, पण खोल कण्याची. दुसरीत उभं राहिलं की डोकं छताला लागायचं. तिसरी रत्नागिरीकडच्या एका खाडीत होती, उचलत्या कण्याची, आटोपशीर. दाजींचं मन तिच्यावर बसलं. बघायला गेले आणि धक्क्यावर उभ्याउभ्याच मापं घेऊन आले. आत पाऊल ठेवलं नाही, म्हणाले बोट हलत होती.

भाऊबीजेला मी केडगावला गेलो. सुश्रुत, त्याची बायको मनवा आणि लहानगी ईरा पुण्याहून आलेले होते. दार उघडताच ईरा म्हणाली, "मामाआजोबा, गच्चीवर चला, आजोबांनी बोट काढलीय."

खरंच काढली होती. प्लॉटवर घर बांधायच्या आधी आपल्याकडे चुन्याची फक्की मारून खोल्या आखतात, आणि मग सगळं घर येऊन इथे हॉल, इथे किचन करत पांढऱ्या रेषांत हिंडतं, तशी दाजींनी सोसायटीच्या गच्चीवर पुऱ्या मापाची बोट आखली होती. टोकदार नाक, मधोमध डोलकाठीचं गोल, मागे सुकाणू. हातात टेप घेऊन ते सुकाणूपाशी उभे होते. पाण्याची टाकी बघायला वॉचमन पुंजाराम वर आला आणि बघतच राहिला.

"सर, लई चिंचोळं घर हाय. ह्यात कोन ऱ्हानार?"

"बोट आहे ती."

"व्हय का," म्हणत तो टाकीत डोकावून मुकाट निघून गेला. नगर-पुणे रोडवरच्या गच्चीत बोट म्हटल्यावर दुसरं काय बोलणार?

दाजींनी सगळ्यांना आत घेतलं, तेही दारातून. सुश्रुत आणि मनवाला नाकाकडच्या तिकोनात आडवं व्हायला लावलं. तापलेल्या फरशीवर ती दोघं नवराबायको सासऱ्यासमोर काटकोनात झोपल्यासारखी पडून राहिली. डाव्या बाकावर ईरा. उजवा बाक दाजींचा, सुकाणूजवळचा, कप्तानाचा. "बघा, चौघंही पाय लांब करून झोपतात," ते म्हणाले. चेहरा असा, की जणू आत्ताच बंदर गाठलंय.

ताई चहाचा ट्रे घेऊन रेषेबाहेर उभी होती. तिने पैठणी नेसली होती, सणाची.

मी विचारलं, "आणि ताई कुठे?"

दाजींनी टेपकडे पाहिलं, मग बोटीकडे. मला वाटलं, आता तरी जीभ चावतील. पण उत्तर तयार होतं. "त्याचा विचार केलाय मी. पाच माणसांची बोट घ्यायची तर कणा खोल येतो. तेव्हा आम्ही चौघं पाण्याने, आणि लीना रस्त्याने. सुहास, तू तुझी गाडी घे. कुकर, शिधा सगळं गाडीत. आम्ही संध्याकाळी बंदरात शिरलो की गरम जेवण तयार. बोटीत स्वयंपाकाची कटकटच नको."

मनवा उठून बसली. "बाबा, आई माझ्या जागी झोपतील. मी येते रस्त्याने."

"तसं नाही चालत. तोल तुमच्या दोघांच्या वजनावर धरलाय."

सुश्रुत आकाशाकडे बघत पडून राहिला. बापाने निवडलेला मुलगा, दुसरं काय करणार!

"समुद्र दिसेलच की तुला," दाजी ताईला म्हणाले. "रस्त्यावरून उलट जास्त दिसतो."

"मला तो बघायचा नव्हता," ताई म्हणाली. "त्याच्यावर जायचं होतं." तिने ट्रे कठड्यावर ठेवला. "मी येत नाही. रस्त्यानेही नाही."

दाजी भुवया आक्रसून विचार करत होते. मी त्या माणसाला चाळीस वर्षं ओळखतो, तरी त्या क्षणी मला वेड्यासारखी आशा वाटली, की आता हा काहीतरी माणसासारखं बोलेल.

"मग जेवणाचं कसं करायचं?" दाजी म्हणाले.

मला त्यांची किळस आली. भांडणाचाही मान देऊ नये असा माणूस असतो, तो माझ्यासमोर टेप गुंडाळत उभा होता. ताईच्या चेहऱ्यावर मात्र राग नव्हता. कित्येक वर्षं चाललेला हिशेब एकदाचा मिटावा तशी ती मोकळी दिसत होती.

"सुहास," ती म्हणाली, "यंदा ओवाळणी नको. मला समुद्रावर ने. उद्याच जाऊ. बोट कुठलीही चालेल."

"नेतो," मी म्हणालो.

"कुठलीही कशी चालेल?" दाजी मनापासून दचकले. "लीना, अगं, आधी कणा बघावा लागतो," आणि ते कण्याचं सांगायला लागले. आम्ही दोघं जिना उतरून खाली आलो, तरी वरून त्यांचा आवाज येतच होता.