नऊ लग्नं आणि चार पॉइंट नऊ

गुरुवार, १७ मे २०१८. सकाळचे नऊ वाजून बावन्न मिनिटं. राळेगावात कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या मागच्या भिंतीला लागून असलेल्या दुकानात अश्वजित मुनेश्वर उकिडवा बसून पडद्यावरच्या हिरव्या पट्टीकडे पाहत होता. पट्टी एक्क्याण्णव टक्क्यांवर होती. सहा चाळीसला लावलेलं काम होतं. एक्क्याण्णवचे ब्याण्णव होतील म्हणून त्याने श्वास धरला, आणि पडदा काळा झाला. कॉम्प्युटरच्या डब्यातून टक असा आवाज आला. मागच्या खिडकीतला कूलर मात्र घरघरत राहिला.

दोन दिवसांत तिसऱ्यांदा हे झालं होतं.

अश्वजित लग्नाचे व्हिडिओ काढतो. वय अडतीस, शिक्षण दहावी आणि यवतमाळला आयटीआय, इलेक्ट्रिशियन. शूटिंगपेक्षा त्याचं नाव मिक्सिंगसाठी आहे. मिक्सिंग म्हणजे कापाकापी, गाणी, नावं, आणि नवरीच्या चेहऱ्याभोवती उडणारी फुलं. एका चांगल्या हंगामात तो चाळीस लग्नं करत असे. त्या वर्षी गुलाबी बोंडअळीने दुसऱ्या वेच्यालाच कापूस संपवला आणि लोकांनी लग्नं एकत्र उरकायला घेतली. त्याच्या वाट्याला आला तो एकच सामूहिक मंगल परिणय सोहळा, नऊ जोडप्यांचा. त्याचा अख्खा हंगाम या नऊ व्हिडिओंत होता.

प्रत्येक व्हिडिओ जवळपास सारख्याच लांबीचा होता, कारण मंचावरची सगळी भाषणं नऊही जोडप्यांच्या व्हिडिओत पूर्ण हवीत असा सोहळ्याच्या समितीचा ठराव होता. भाषणं कापता येईनात, म्हणून अश्वजितने प्रत्येक भाषणाच्या कोपऱ्यात त्या-त्या जोडप्याचा फोटो बदामाच्या आकारात फिरता ठेवला. तो बदाम पंचावन्न मिनिटं फिरे. त्याचं एकेक चित्र प्रोसेसरला नव्याने काढावं लागे. कापाकापी संपली होती. उरलं होतं ते रेंडर, म्हणजे मशीनने सगळं एकत्र शिजवून एक फाइल बाहेर देणं. रविवारी सकाळी अकराला बुद्धविहारात नऊ पेनड्राइव्ह वाटायचे होते.

रेंडरला लागणाऱ्या वेळावर अश्वजितकडे एक इलाज होता, आणि तो त्याला फार प्रिय होता.

दोन हजार नऊ साली त्याने पहिला कॉम्प्युटर जोडला होता. अगदी हलका प्रोसेसर. मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये शिरून त्याने त्याचा वेग वाढवला, आणि मशीन कंपनीने सांगितल्याच्या दीडपट पळायला लागली. फुकटात. याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात हे त्याला नंतर कळलं, पण तोवर राळेगाव तालुक्यात 'अश्वजितच्या मशीनीची बातच वेगळी' असं होऊन गेलं होतं. मधल्या नऊ वर्षांत त्याने तीन मशीन बदलल्या आणि प्रत्येकीला ताणलं. या वेळचा प्रोसेसर सहा कोअरचा होता. सगळे कोअर कामाला लागले की तो कंपनीच्याच सेटिंगवर चार पॉइंट तीन गिगाहर्ट्‌झपर्यंत आपोआप चढत असे. अश्वजितने त्याला चार पॉइंट नऊवर बांधला, व्होल्टेज वाढवलं, आणि दुकानाच्या बोर्डावर 'एच डी मिक्सिंग' याच्या खाली लाल अक्षरांत रंगवून घेतलं: ४.९.

रंगाऱ्याने विचारलं होतं, "हा फोन नंबर अर्धाच देल्ला काय?"

मे महिन्यात राळेगावचा पारा पंचेचाळीसला असतो. ताणलेला प्रोसेसर तापतो हे अश्वजितला ठाऊक होतं. त्याने डब्याचं झाकण काढलं आणि कूलरचं तोंड थेट डब्याकडे वळवलं. वारा कमी वाटला, म्हणून कूलरची मागची ताटी काढून टाकली. ताटी म्हणजे ज्या ओल्या भुशातून हवा गाळून आत येते ती. ताटी गेल्यावर वारा खरंच वाढला. कूलरलाही आपण ओव्हरक्लॉक केलं, असं त्याने दीपमालाला, म्हणजे बायकोला, सांगितलं. ती म्हणाली, "मंग घरचाही करा. तो तं नुसता आवाज करते."

काळ्या पडद्यासमोर तो अजून उकिडवाच होता तेव्हा दारात विमलताई आल्या. विमलताई समितीच्या सचिव, निवृत्त मुख्याध्यापिका. अश्वजितला त्यांनी चौथीत शिकवलं होतं आणि तो अजून चौथीतच आहे अशा आवाजात त्या बोलत. काखेत रजिस्टर.

"जयभीम, बाई."

"जयभीम. किती झाले?"

"बाई, मशीन चार पॉइंट नऊवर चालून राह्यली."

"मी वेग नाही विचारला. किती झाले?"

"तसा पह्यला एक्क्याण्णव टक्के..."

"अश्वजित."

"एकही नाही झाला, बाई."

विमलताईंनी रजिस्टर उघडलं, त्यात काहीतरी लिहिलं आणि बंद केलं. "यवतमाळच्या स्टुडिओवाल्याचा फोन आलता. त्याची मशीन नवी आहे म्हणे. मी त्याला नाही म्हटलं, कारण तू गावातला. पण नऊ पोरी विहारात येतील आणि रिकाम्या हाताने जातील, हे मी होऊ देणार नाही. उद्या, शुक्रवारी, सकाळी अकराला मी येते. चार व्हिडिओ तयार दिसले तर बाकीचे तू कर. नाहीतर सगळं शूटिंग त्याच्याकडे देऊन टाकायचं. या वर्षीचं आणि पुढच्या वर्षीचंही."

"चार होतीन, बाई."

"होतीन नाही. दिसले पाहिजेत."

त्या गेल्यावर अश्वजितने गणित मांडलं. फीडरच्या दुरुस्तीमुळे त्या आठवड्यात रोज बारा ते तीन वीज नव्हती. रात्री दहानंतर गावातले सगळे कूलर एकदम चालू होत, व्होल्टेज एकशे साठवर उतरे आणि सकाळी सहापर्यंत यूपीएस बोंबलत राही. बारापर्यंतच्या दोन तासांत एकही व्हिडिओ होणार नव्हता. म्हणजे आज तीन ते दहा आणि उद्या सहा ते अकरा. एकूण बारा तास. त्याच्या मशीनला एका व्हिडिओला साडेतीन तास लागत होते, आणि साडेतीन तासांत ती एकदाही शेवटाला पोचली नव्हती.

बाराला वीज गेली. साडेबाराला त्याचे वडील उकंडाजी डबा घेऊन आले. उकंडाजी याच भिंतीपलीकडच्या जिनिंगमध्ये एकतीस वर्षं फिटर होते. वय बहात्तर, ऐकायला थोडं कमी, वास घ्यायला पक्के. आत येताच त्यांनी नाक वर केलं.

"काहून बे, रुई जळून राह्यली काय?"

"रुई कायची इथं, बाबा? प्रोसेसर गरम झाला."

"मले तं रुईचाच वास येते." त्यांनी डबा ठेवला. "काहून गरम झाला?"

अश्वजितने समजावलं. कंपनीने वेग चार पॉइंट तीन दिला होता, आपण चार पॉइंट नऊ केला. उकंडाजींनी एकच शब्द पकडला.

"म्हंजे पुली बदलली."

"पुली नाई बाबा, सेटिंग."

"तेच ते. आमच्या शेठनं ब्याण्णव साली पुली बदलली होती. म्हने, रोलर जोरानं फिरला तं दिवसाले दोन खंडी जास्त रुई निंगन. निंगाली. आठ दिवस निंगाली. मंग रोलरचं चामडं जळलं, धागा तुटला, आन व्यापाऱ्यानं माल हातात घेऊन परत ठेवला. आठ दिवसाच्या दोन-दोन खंडी, आन बारा दिवस जिन बंद."

"ते जुनं झालं. आता मशीनी वेगळ्या."

"मंग कायले बंद पडली?"

अश्वजितने जेवायला घेतलं. तो भाकरी मोडत राहिला. उकंडाजी कॉम्प्युटरच्या उघड्या डब्यापाशी बसले, खिशातून चष्मा काढला आणि आत वाकले.

"वीज नाई न?"

"नाई. पर हात नका लावू, बाबा. नाजूक काम हाये."

हात आधीच लागला होता. उकंडाजींनी प्रोसेसरवरचा पंखा सोडवला. त्याच्याखाली पातळ पत्र्यांची चवड असते, उष्णता बाहेर काढायला. पत्रे दिसलेच नाहीत. त्यावर राखाडी, ओलसर, गादीसारखा थर बसला होता. हिवाळाभर जिनिंगमधून उडालेली रुई दुकानामागच्या कुंपणावर, झुडपांवर, भिंतीवर चिकटून होती. ताटी काढलेल्या कूलरने ती खिडकीतून ओढली, पाणी लावलं आणि बरोबर नेम धरून डब्यात मारली.

उकंडाजींनी थर एका तुकड्यात उचलला. तो दाबलेल्या लोकरीच्या नमद्यासारखा निघाला. मग त्यांनी जे केलं ते एकतीस वर्षांच्या सवयीने केलं. त्यातली एक चिमूट काढली, दोन अंगठ्यांत धरून ओढली, पुन्हा जुळवली, पुन्हा ओढली, आणि उजेडात धरून पाहिली.

"धागा चोवीस मिलिमीटर. लय झालं तं पंचवीस," ते म्हणाले. "बोंडअळीचा माल हाये. याले भाव नाई भेटत."

अश्वजितचा घास हातात राहिला. "बाबा, हे किती दिवसाचं असन?"

"या सालचं सारंच हाये याच्यात. थोडं पिवळं दिसते, तो शेवटचा वेचा."

दोघांनी मिळून रंगाच्या जुन्या ब्रशने पत्रे साफ केले. अश्वजितने ताटी परत लावली आणि कूलरचं तोंड डब्याकडून स्वतःकडे फिरवलं. हट्ट मात्र त्याने सोडला नाही. तीनला वीज आली तेव्हा त्याने चार पॉइंट नऊ तसंच ठेवलं. लाल अक्षरं बाहेर बोर्डावर होती.

पहिला व्हिडिओ तीन वाजून पाच मिनिटांनी लावला. पाच वाजून अकरा मिनिटांनी पूर्ण झाला. दोन तास सहा मिनिटं. प्रोसेसरचं तापमान एक्क्याण्णव अंशांवर स्थिर. अश्वजित उठून उभा राहिला आणि खुर्चीवर डुलकी घेणाऱ्या उकंडाजींना हलवलं.

"पाहा, बाबा! पुली बदलून बी झालं न!"

"आन न बदलता?"

"म्हंजे?"

"न बदलता किती लागते, ते पाह्यलं काय?"

पाह्यलं नव्हतं. नऊ वर्षांत कधीच पाह्यलं नव्हतं. नवी मशीन आली की पहिल्या दिवशीच तो सेटिंगमध्ये शिरत असे. कंपनीच्या वेगावर एखादं काम शेवटपर्यंत करून बघणं त्याला कमीपणाचं वाटे. वडिलांसमोर नाही म्हणता येईना. त्याने सगळं मूळ सेटिंगवर आणलं आणि दुसरा व्हिडिओ पाच पंधराला लावला. तो सात बत्तीसला झाला. दोन तास सतरा मिनिटं. तापमान एकोणसत्तर.

अश्वजितने आकडे कागदावर एकाखाली एक लिहिले. दोन हजार नऊमध्ये त्याने पन्नास टक्के मिळवले होते. इथे एवढा ताण देऊन अकरा मिनिटं मिळत होती. हल्लीचे प्रोसेसर कारखान्यातूनच जेवढं पळता येईल तेवढं पळत येतात, स्वतःची उष्णता मोजून वेग कमी-जास्त करतात. मागे शिल्लक ठेवलेलं असं फारसं काही उरत नाही. हे त्याने इंटरनेटवर अनेकदा वाचलं होतं. वाचून तो दरवेळी मान हलवत असे आणि पुन्हा सेटिंगमध्ये जात असे.

"पर अकरा मिनिटं बी मिनिटंच हायेत न," तो म्हणाला.

"हायेत," उकंडाजी म्हणाले आणि काठी घेऊन घरी निघाले. "लाव मंग."

तिसरा व्हिडिओ त्याने सात चाळीसला, चार पॉइंट नऊवर लावला. नऊ एकवीसला, ऐंशी टक्क्यांवर, पडदा काळा झाला. डब्यात या वेळी रुई नव्हती. दोष द्यायला कूलरही नव्हता. अश्वजितने दुकान बंद केलं. शुक्रवारी सकाळच्या पाच तासांत दोन व्हिडिओ हवे होते, आणि आता चूक करायला जागा नव्हती.

घरी दीपमालाने ताट वाढलं. "किती?"

"दोन."

"आन पुलीचं?"

बातमी वडिलांबरोबर आधीच पोचली होती. त्याने ताट पुढे ओढलं.

शुक्रवारी सकाळी पाच पन्नासला दुकान उघडून त्याने सेटिंग मूळ जागी आणली आणि त्यातून बाहेर पडण्यापूर्वी दोनदा तपासली. सहाला लावलेला व्हिडिओ आठ सतराला झाला. आठ वीसला लावलेला दहा सदतीसला झाला. या पावणेपाच तासांत त्याला करण्यासारखं काहीच नव्हतं, आणि तेच त्याला जड गेलं. दोनदा त्याचा हात माऊसकडे गेला. दोन्ही वेळा सकाळीच येऊन बसलेले उकंडाजी खुर्चीतून खाकरले.

अकराला विमलताई आल्या. चारही व्हिडिओ त्यांनी थोडेथोडे पाहिले. चौथ्यातल्या भाषणाच्या कोपऱ्यात फिरणारा बदाम पाहून त्या थांबल्या.

"हे कशाला?"

"भाषन पाहाले कंटाळा येऊ नये म्हनून, बाई."

"भाषण माझं आहे."

उकंडाजींनी तोंड भिंतीकडे केलं. विमलताईंनी रजिस्टरमध्ये चार नावांपुढे खुणा केल्या. मग टेबलावरचा आकड्यांचा कागद त्यांच्या नजरेला पडला. त्यांनी तो उचलून विचारलं, आणि अश्वजितने, चौथीत सांगितलं असतं तसं, खरं सांगितलं.

"म्हणजे एका व्हिडिओमागे अकरा मिनिटं वाचतात," त्या म्हणाल्या. "अकरा नव्वे नव्व्याण्णव. आणि काल बंद पडली तेव्हा किती वाया गेली?"

"सात चाळीस ते नऊ एकवीस."

"एकशे एक. म्हणजे सगळे नऊ वेगाने केले असते आणि एकदाच बंद पडलं असतं, तरी तू दोन मिनिटं मागे."

"हो, बाई."

"नऊ वर्षं हेच केलंस?"

"तवा पुरत होतं, बाई. मशीन बदलल्या, मी नाई बदललो."

विमलताईंनी कागद खाली ठेवला. "राहिलेले पाच तूच कर. पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी बघू. पण बदामात माझ्या भाषणावर कोणी फिरता कामा नये."

"ते काढाचं म्हटलं तं पाचही परत जुळवा लागतीन."

"मग राहू दे," त्या म्हणाल्या आणि पायरी उतरल्या.

बाराला वीज गेली. अश्वजितने कागदाच्या मागच्या बाजूला उरलेलं वेळापत्रक लिहिलं. आज तीनपासून दहापर्यंत पाचवा, सहावा आणि सातवा. उद्या, शनिवारी, दुकान सकाळी पाच पन्नासला उघडेल. आठवा व्हिडिओ सहाला लागेल आणि आठ सतराला होईल. नववा आठ वीसला लागेल आणि दहा सदतीसला होईल. वीज उद्याही बाराला जाणार आहे.