नैवेद्याची साखर

देवावर मी चिडले होते, हे आधीच सांगते. उगाच भाविकपणाचा आव नको. ईरा ही माझ्या दादाची मुलगी. सहाव्या वर्षी तिला टाइप वन मधुमेह झाला. तेव्हापासून रोज सुया. साखर उतरली की पोर न बोलता पांढरी पडायची, तिचं तिलाही कळायचं नाही. हिनं कुणाचं काय बिघडवलं होतं? विचारून थकले. उत्तर नाही. हा देव आहे की सोसायटीचा चेअरमन?

मग साखर उतरल्याचा वास ओळखणारा कुत्रा मिळवायचं ठरवलं. ‘‘मधुमेहाला कुत्रा? इन्सुलिन द्या की!’’ हे शहाणपण या परक्या शहरात बिशानपासून पुंगोलपर्यंतच्या सगळ्या वस्त्यांत ऐकून घेतलं. आमच्या सरकारी फ्लॅटमध्ये लहान जातीचाच कुत्रा चालतो. तसा एक पूडल मिळाला. ईराची साखर उतरली की तिच्या घामाचे कापसाचे बोळे डब्यांत भरायचे आणि फ्रीझरमध्ये खवलेल्या नारळाशेजारी ठेवायचे. त्या वासावर ट्रेनरनं त्याला वर्षभर घडवलं. ईरानं नाव ठेवलं पेढा. गोडावर एवढा पहारा असलेल्या मुलीनं दुसरं काय ठेवावं?

यंदा गणपतीत सेरंगून भागातल्या एका कंडोच्या, म्हणजे खासगी सोसायटीच्या, हॉलमध्ये मराठी कुटुंबांची दुपारची आरती होती. दादा-वहिनी ऑफिसात, ईरा माझ्या जबाबदारीवर. व्यवस्था बघणाऱ्या जोगकाकांनी दारातच अडवलं.

‘‘कुत्रं बाहेर, बाळ. इथं सोवळं आहे.’’

‘‘काका, हे तिचं औषध आहे.’’

‘‘मग औषध ठेव चपलांपाशी!’’

लोक हसले. माझं डोकं सणकलं, पण मी तयारीनं आले होते. कॉलेजपासून पत्रकं लिहीत आलेय मी! ‘देवाच्या दारात मदतनीस कुत्र्याला बंदी का?’ अशी पत्रकं पेढ्याच्या पाठीवरच्या पिशवीत कोंबून आणली होती. त्याला काचेच्या दाराबाहेर बांधलं, गठ्ठाभर पत्रकं काढली आणि आत जाऊन एकेकाच्या हातात देत सुटले.

साडेबाराला पान वाढणार म्हणाले होते, म्हणून ईराला इन्सुलिन दिलेलं. त्यानंतर जेवण लांबलं की साखर उतरते, आणि आपल्या लोकांच्या वेळेवर मी विश्वास ठेवला! एक आरती संपली की दुसरी. तिच्या दंडावरचा साखर मोजणारा सेन्सर निघतानाच बदललेला, तो अजून आकडा दाखवत नव्हता. आणि झांजांच्या गजरात बाहेर दाराच्या फटीला नाक लावून पेढा भुंकू लागला. ‘बघितलंस?’ असं काकांनी डोळ्यांनीच सुनावलं. खरं सांगू? मीही पेढ्यावरच चिडले. माझी सगळी बाजू तोच बिघडवत होता!

इतक्यात दार उघडलं. चपलांपाशी लादी पुसणारी चिनी आंटी आत आली, हातात पेढ्याचा पट्टा. ‘‘युअर डॉग नॉट नॉटी, आह. ही कॉलिंग यू!’’

पट्टा सोडताच पेढा सगळ्यांच्या पायांमधून थेट ईराकडे गेला आणि तिच्या गुडघ्यावर पंजा मारू लागला. ती घामानं निथळत होती. ‘‘आतू, आय अ‍ॅम ओके लाह,’’ असं पुटपुटत ती खाली बसली. मी पेढ्याच्या पाठीवरच्या पिशवीत हात घातला. हाताला पत्रकं लागली. नुसती पत्रकं! ती मावावीत म्हणून ग्लुकोजच्या गोळ्या मीच सकाळी काढल्या होत्या आणि त्या ओट्यावर राहिल्या होत्या.

कुणाला दोष देणार? ‘देवा, आता तूच,’ एवढंच मनात आलं. आयुष्यात पहिल्यांदा भांडण न करता त्याच्याशी बोलले.

‘‘गोड काही!’’ मी कशीबशी म्हणाले. जोगकाकांनी देवापुढची साखरेची वाटी उचलली, पंचपात्रीतलं पाणी तिच्यात ओतलं आणि जमिनीवर बसून पळीनं ईराला पाजलं. पेढा त्यांच्या सोवळ्याला घासून उभा होता. काकांनी त्याला हटवलं नाही.

‘‘अहो, नैवेद्य दाखवायचा राहिलाय!’’ मागून कुणीतरी म्हणालं.

‘‘त्याच्यासमोरच खातेय ती,’’ काका म्हणाले. ‘‘आणखी काय दाखवू?’’

पंधरा मिनिटांनी ईराच्या ओठांवर रंग आला आणि बोट टोचून बघितलं तर मीटरचा आकडा चढला होता. मी रडले. आंटीला शोधलं, तर ती लिफ्टपाशी बादलीत फडकं पिळत होती. वाकून नमस्कार केला तेव्हा ती दचकलीच.

माझा राग गेलेला नाही. बंद दारांविरुद्ध मी पत्रकं वाटणारच. पण त्या दिवशी ज्यांनी बाहेर भुंकणाऱ्याचं ऐकलं नाही, त्या लोकांत मीही होते. आता पेढ्याच्या पिशवीत फक्त गोळ्या असतात. पत्रकं मी हातात धरते, आणि पेढा भुंकला की आधी ती खाली ठेवते.