रेंडरला लावलंय

पूर्वी ऑफिसात माझं एक हक्काचं वाक्य होतं : "रेंडरला लावलंय." न बांधलेल्या इमारतीचं चित्र तयार करायला कॉम्प्युटरला दोन-तीन तास लागायचे. बिल्डरचा फोन आला की तेवढं सांगायचं आणि खाली टपरीवर चहाला जायचं. भुकूमच्या डोंगरामागे ऊन उतरताना निवांत दिसायचं.

आता रिअल-टाइम रेंडरिंग आलंय. बिल्डरसाहेब शेजारी खुर्ची ओढून बसतात. "बाल्कनीत संध्याकाळ दाखवा." मी माउस सरकवतो, सूर्य निमूट खाली येतो. "जरा वर घ्या. ते झाड नको. आता परत सकाळ करा." चित्र क्षणात बदलतं, म्हणून त्यांचं मतही क्षणात बदलतं. थांबायला निमित्तच उरलेलं नाही.

काल उठताना ते म्हणाले, "बघा, किती वेळ वाचतो तुमचा." मी कॉम्प्युटर बंद केला. दिवसभरात त्यांच्यासाठी कितीदा संध्याकाळ केली होती, देव जाणे. खाली आलो तर बाहेरची संध्याकाळ कधीच संपलेली.

टपरीवाला आवराआवर करत होता. "काय साहेब, हल्ली कुटं असता तुमी?"

"पूर्वी कॉम्प्युटरला लावायचो," मी म्हणालो, "आता मलाच रेंडरला लावलंय."