कडी वाजवणारी घरमालकीण

नोकरीच्या गावी आल्यावर मी स्वतःसाठी सगळ्यात आधी काय घेतलं असेल, तर कुलूप. वडशाच्या बाजारातून, चांगलं जड, दोन किल्ल्यांचं. दुकानदार म्हणाला, "खोलीत सोनं ठेवता का, सिस्टर?" मी म्हटलं, "हो. मीच राहतो तिथं."

सासरी आमच्या खोलीला दार नव्हतं, पडदा होता. सासू, दीर, नणंद, ज्याला वाटेल तो पडदा सारून आत. नवरा माझी पर्स उलटी करून पाहायचा, फोन पाहायचा, आणि काऊन म्हटलं की हात उचलायचा. एक दिवस ड्युटीवर गेले ती त्या घरी परत गेलेच नाही. बदली मागून घेतली आणि धानाच्या बांध्यांमधल्या ह्या गावात आले. मला फार काही नको होतं. मी लावलेलं दार मी येईपर्यंत लागलेलं राहावं, एवढंच.

घरमालकीण एकटीच, मुलगा-सून शहरात, वय झालेली, पण धानाच्या रोवणीत अजून तरण्या पोरींना मागं टाकणारी. मी त्यांना बाई म्हणायची, त्या मला सिस्टर. दुसरी किल्ली त्यांनी पहिल्याच दिवशी मागून घेतली. "असू दे माह्याजवळ. साप निंगाला, आग लागली, त कामी येईन."

साप काही कधी निघाला नाही, बाईच रोज निघायच्या. मी ड्युटीवरून यावं तर दोरीवरचे कपडे पलंगावर घडी करून ठेवलेले. ओट्यावर वास्त्याची, म्हणजे बांबूच्या कोंबांची, भाजी झाकलेली. कोपऱ्यात धानाचं पोतं, कारण त्यांच्याकडं उंदीर झाले होते. सगळं मायेनंच, मला काय कळत नव्हतं? पण आत पाय टाकला की मी उंबऱ्यातच थांबायची. कोणीतरी येऊन गेलं, हेच आधी कळायचं, भाजी नंतर दिसायची. मी म्हणायची, "बाई, सांगत जा नं." त्या म्हणायच्या, "आपलंच त घर हाये. सांगाचं काय त्यात?"

मग मंडई आली. आमच्याकडं दिवाळी झाली की गावोगाव मंडईची जत्रा भरते, रात्री नाटक असतं, आणि ज्याच्या घरी पाहुणे मावत नाहीत त्याची गावात मान ताठ. मी माहेरी गोंडपिपरीकडं गेले होते. सकाळच्या गाडीनं परतले तर माझ्या दाराशी चपलांचा ढीग. आत बाईंच्या सुनेकडचे सोयरे नाटक पाहून पसरलेले. माझ्या पलंगावर एक आजोबा घोरत होते, माझ्या शालीत कोणाचं तरी बाळ, आणि माझ्या आरशासमोर एक गृहस्थ दाढी करत होते. मला पाहून म्हणाले, "या नं, बसा."

माझ्याच खोलीत मला बसा म्हणतो मेला. तळपायाची आग मस्तकात गेली. तरी पाहुणे जाईपर्यंत कळ काढली. मग म्हटलं, "बाई, मले न विचारता कुलूप काऊन उघडलं?"

"अवो, पाव्हन्याईले रस्त्यावर झोपवू का? घर माहं हाये."

"घर तुमचं, खोली माही. मी खोली सोडून चालली."

आणि मग, बोलायचं नव्हतं ते सगळं बोलले. पडदा, पर्स, फोन, हात. बाई सुपात तांदूळ पाखडत होत्या, त्यांचा हात थांबला. म्हणाल्या, "मले कोनी कधी इचारून आत आलं नाई, पोरी. म्हनून मले सुचलं नाई." किल्ली उंबऱ्यावर ठेवून त्या निघून गेल्या.

काही दिवस अबोला. भाजीही बंद. मी दुसरी खोली शोधू लागले होते. एका संध्याकाळी दार सताड उघडं टाकून मी समोरच भाकर थापत बसले होते, तर कडी वाजली. पाहते तर बाई, हातात वाटी, तोंड दुसरीकडं. "येऊ का?"

मला हसूच आलं. "दिसत नाई का मी? या नं."

तेव्हापासून बाईंनी कडीचा असा काही सपाटा लावला की विचारू नका. मी अंगणात त्यांच्याशेजारी उभी असले तरी आधी कडी. पुढच्या मंडईला म्हणाल्या, "पाव्हने झोपवाचे हायेत. नाई म्हन, राग नाई." मी दुसरी किल्ली त्यांच्या हातात दिली आणि म्हटलं, "आता राहू द्या तुमच्याचजवळ." त्यांनी ती पदराच्या गाठीत बांधली.

त्याच थंडीत एका दुपारी लसीकरण आटोपून आले तर फाटकाशी नवऱ्याची मोटारसायकल. कुडाच्या कुंपणामागंच उभी राहिले. तो म्हणत होता, "मी नवरा हावो तिचा. खोली उघडा, आत बसतो."

आमच्याकडं जावयाला बाहेर बसवणं म्हणजे गावभर नाव खराब. बाईंनी त्याला बाहेरच्या सपरीत खाट टाकली होती, पाणी दिलं होतं, चहा दिला होता. आणि आवाज न चढवता सांगत होत्या, "असान नवरा. मी घरमालकीन हावो, मीबी तिले इचारूनच जातो." किल्ली त्यांच्या पदरात होती. कुडाच्या फटीतून मला ती गाठ दिसत होती.

तेवढ्यात त्यांनी मला पाहिलं. त्याच्याकडं वळल्या नाहीत, मलाच विचारलं, "सिस्टर, हे आले हायेत. खोली उघडू का नाई?"

मी कुडाच्या आडून फाटकात आले. म्हटलं, "नाई."

"आयकलं नं, बापू," बाई म्हणाल्या आणि त्याच्यासमोरची कपबशी उचलली.

तो बडबडत राहिला, पण शेजारचे कुडाशी जमू लागले तसा गेला. मोटारसायकलचा आवाज विरेपर्यंत मी हलले नाही. मग कुलूप काढलं, आत जाऊन पलंगावर बसले आणि हमसून रडले. आईनंही मला "जमवून घे" म्हटलं होतं. ह्या बाईंनी विचारलं होतं.

दार मी उघडंच टाकलं होतं. बाई उंबऱ्याबाहेर उभ्या होत्या, मी रडताना त्यांना दिसत होते, त्यांचेही डोळे भरले होते. तरी त्यांनी आधी कडी वाजवली.